प्रवराकाठची गावं का उठली?

डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकची जुनी मातीची गढी खणली. सातवाहनकाळाच्याही खाली त्यांना गारगोटीची इवलीशी पाती आणि रंगवलेली खापरं मिळाली. गोदाकाठचं हे ताम्रपाषाणयुगीन नाशिक. त्याच मोहिमेत संगमनेरजवळच्या जोर्वे गावीही खणती लागली. तिथली लाल खापरं, त्यांवरची काळी भौमितिक नक्षी आणि टिचकी मारताच खणखणणारी पक्की भाजणी यांवरून या संस्कृतीला ‘जोर्वे’ हेच नाव पडलं. तिचा बहराचा काळ इ.स.पू. १४०० ते १०००.

या लोकांचं सर्वांत मोठं ज्ञात गाव म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं दायमाबाद. जोर्वे काळात त्याचा विस्तार सुमारे २० हेक्टर होता. याच पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी धातूची चार भरीव शिल्पं सापडली. त्यांचं एकूण वजन ६० किलोहून अधिक. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. गावाच्या शेवटाबद्दल मात्र थर स्पष्ट बोलतात. इ.स.पू. १००० च्या सुमारास दायमाबाद उठलं, आणि गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली बहुतेक जोर्वे गावंही.

पाऊस कमी झाला, दुष्काळ पडले आणि माणसं निघून गेली, हे नेहमीचं उत्तर. पण मग दक्षिणेला भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीवर वसलेलं इनामगाव आणखी तीनशे वर्षं कसं टिकलं?

शिरूर तालुक्यातल्या या गावाचं उत्खनन १९६८ ते १९८३ पर्यंत चाललं आणि १३० च्या वर घरं उजेडात आली. त्यामुळे उतरती कळा इथे टप्प्याटप्प्याने वाचता येते. आधीची घरं ऐसपैस, चौकोनी. गावाला पाटाचं पाणी होतं आणि जव हे मुख्य पीक. इ.स.पू. १००० नंतर त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शिकारीवरची भिस्त वाढली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला.

रीतिरिवाज मात्र टिकले. दगावलेलं मूल दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून त्यांत ठेवायचं आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. प्रौढांना पुरताना बहुधा घोट्याखालची पावलं तोडलेली असत. मृताने उठून चालू लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या बालदफनांतूनच पुढे महत्त्वाचा पुरावा मिळाला. प्राचीन हाडांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी लहानग्यांची हाडं तपासली, तेव्हा उत्तरकाळातल्या मुलांची वाढ जास्त खुंटलेली दिसली. गाव टिकलं, पण त्याची किंमत लेकरांनी मोजली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास तेही ओस पडलं.

ग्रीनलंडमधल्या व्हायकिंगांच्या वस्त्यांची कथा याच वळणाची आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस तिथे दोन वसाहती उभ्या राहिल्या. पश्चिमेकडची चौदाव्या शतकाच्या मध्यास रिकामी झाली; पूर्वेकडची पंधराव्या शतकापर्यंत तगली. १४०८ मध्ये ह्वालसेच्या चर्चमध्ये लागलेलं एक लग्न ही तिची शेवटची लेखी नोंद. तिथेही सांगाड्यांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतं, की गाईगुरांवर जगणारी माणसं उत्तरोत्तर सीलसारख्या समुद्री अन्नाकडे वळली होती. थंडी दोन्ही वसाहतींवर आली, शेवट मात्र एकाच वेळी झाला नाही.

म्हणजे हवामान संकट आणतं. त्यापुढे किती काळ तगायचं हे ताटात काय बदल करता येतो, गुरं कुठे नेता येतात, शेजारची गावं उभी आहेत की उठली, यांवर ठरतं. प्रवराकाठच्या प्रत्येक गावासाठी हे हिशेब वेगळे मांडायला हवेत. त्यासाठी लागणारा पुरावा शिल्पांसारखा डोळ्यांत भरणारा नसतो. तो जळके दाणे, राख आणि हाडांच्या चुऱ्यात असतो. शेतात टाकायला पांढरीची माती ट्रॉलीने उपसली जाते, तेव्हा सगळ्यात आधी तोच जातो.