दीड मिनिटाची साथ

रेकॉर्डवरचं गाणं पुष्कळदा संपत नाही, विरत जातं. नाचणाऱ्याला तसं विरून चालत नाही. त्याला एका क्षणी थांबायचं असतं, मान वळलेली, हात ताणलेला, आणि नेमक्या त्याच क्षणी शेवटचा ठोका पडावा लागतो. बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' या स्पर्धेत हा ठोका खरे वादक देतात. शरद ऋतू लागला की इंग्लंडमधली असंख्य घरं शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसतात आणि नाचणाऱ्यांची चर्चा आठवडाभर करतात. मी इथे लंडनमधल्या हॅरोत तबला शिकवतो, कथकच्या साथीला बसतो. त्यामुळे माझी नजर आपोआप नाचणाऱ्यांच्या मागे जाते, बँडकडे.

हा कार्यक्रम मे 2004 मध्ये सुरू झाला. नट, खेळाडू, निवेदक अशा नामवंतांना व्यावसायिक नर्तकांनी बॉलरूम आणि लॅटिन नाच शिकवायचे, मग परीक्षकांनी गुण द्यायचे आणि प्रेक्षकांनी मतं. सुरुवातीला संगीताची जबाबदारी लॉरी हॉलोवे यांच्याकडे होती. 2006 मध्ये ती डेव्ह आर्च यांच्याकडे आली. गायक टॉमी ब्लेझ तर पहिल्या पर्वापासून गात आले. एका जोडीसाठी जुनं जॅझ, दुसरीसाठी रॉक, तिसरीसाठी कालपरवा आलेलं पॉप, असं सगळं मोजक्या गायकांनी एकाच रात्रीत निभवायचं.

पडद्यावर दिसत नाही ते काम त्याआधीच झालेलं असतं. तीनचार मिनिटांचं गाणं सुमारे दीड मिनिटात बसवायचं असतं. कुठला अंतरा ठेवायचा, चढ कुठे आणायचा, शेवट कसा करायचा, हे ठरलं की ट्रम्पेटपासून ड्रमपर्यंत प्रत्येक वाद्यासाठी स्वरलिपी लिहायची. कधी चार मात्रांचं गाणं वॉल्ट्झसाठी तीन मात्रांत बसवावं लागतं. जोडी आठवडाभर सराव करते ती ध्वनिमुद्रणावर. बँडबरोबर नाचायला मिळतं ते अगदी शेवटी, प्रक्षेपण तोंडावर आल्यावर. सवयीचं गाणं त्या दिवशी नव्या आवाजात कानावर पडतं, तरी पाय डगमगता कामा नये. त्यासाठी वादकांना लयीत केसभरही फरक करता येत नाही.

बॉलरूममध्ये लयीचा हिशोब फार काटेकोर. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, त्याची मिनिटाला 28 ते 30 आवर्तनं. व्हिएनीज वॉल्ट्झही तीनच मात्रांचा, पण मिनिटाला 58 ते 60, म्हणजे आमच्या बोलीत जवळजवळ दुगुन, दुप्पट लय. रुम्बा चार मात्रांचा, 25 ते 27 आवर्तनांचा. जाइव्हही चार मात्रांचा, पण 42 ते 44. ही लय स्पर्धेच्या नियमांतच लिहिलेली असते. टीव्हीवर ती हलू नये म्हणून वादकांच्या कानात क्लिकचा ठोका चालू ठेवतात.

माझे विद्यार्थी इथे हमखास विचारतात, "सर, लय आधीच बांधलेली आहे, तर मग रेकॉर्डच का लावत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की लय बांधलेली असली तरी वजन बांधलेलं नसतं. ठेका तोच, पण त्यातला कुठला बोल दाबून वाजवायचा, कुठला नुसता स्पर्शून सोडायचा, हे त्या क्षणी ठरतं. पासो डोब्लेचं उदाहरण घ्या. बैलाशी होणाऱ्या झुंजीचा आव आणणारा हा नाच. पास्क्वाल मार्किना यांची 'एस्पान्या कान्यी' ही त्यासाठीची प्रसिद्ध रचना. तिच्यात ठरावीक जागी संगीत उसळी घेतं आणि नर्तक तिथे पवित्रा घेऊन उभे राहतात. त्या जागा सगळ्यांना पाठ असतात, तरी समोरच्या ड्रमरने झांज फोडली की नर्तकाची छाती जशी फुलते तशी ती स्पीकरवर फुलत नाही. वादक आपल्याकडे बघतोय, हे त्याला कळतं.

कथकमध्ये मी हे रोज भोगतो. तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपणारा बोल, सुरू झाली की माझी नजर नर्तकीच्या टाचेवर असते. पहिला पल्ला ठीक गेला, दुसऱ्यात ती किंचित दमली, तर तिसऱ्यात मी बोल जरा भरदार वाजवतो, डाव्याला घुमारा देतो, म्हणजे समेवर येताना तिला माझा आधार मिळतो. लय मी सोडत नाही. फक्त तिच्या पायाखाली जमीन घट्ट करतो. यालाच साथ म्हणायचं.

टीव्हीवर अशी साथ टिकवणं महागात पडतं, हे खरं. स्ट्रिक्टलीच्या अमेरिकी भावंडाने, 'डान्सिंग विथ द स्टार्स'ने, 2014 मध्ये हॅरल्ड व्हीलर यांचा मोठा वाद्यवृंद बंद केला. त्यांच्या जागी रे च्यू यांचा लहान बँड आला आणि जोडीला ध्वनिमुद्रित गाणी. त्यामागचा विचार मला समजतो. प्रेक्षकाला ओळखीचा मूळ आवाज हवा असतो, आणि बँडने वाजवलेलं गाणं मुळासारखं लागलं नाही की तक्रारी येतात. पण त्या व्यवहारात नाचणारा एकटा पडतो, त्याचा जोडीदारच काढून घेतला जातो.

याच स्पर्धेची भारतीय आवृत्ती म्हणजे 2006 मध्ये सुरू झालेली 'झलक दिखला जा'. तिच्यात मुख्यतः ध्वनिमुद्रित सिनेगीतांवरच नाच होतो. आपल्या बहुतेक नृत्यस्पर्धांची हीच रीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण जिवंत साथ आपल्याला बाहेरून आणायची नाही. लावणीत घुंगरू आणि ढोलकी समोरासमोर येतात. शाईवरची थाप आणि पायाचा ठेका एकमेकांना सवाल करतात, जवाब देतात. ढोलकीवाला तिथे कोपऱ्यात लपत नाही, तो फडाचा निम्मा मानकरी असतो. कथकच्या मैफलीतही साथीदारांची नावं आदराने घेतली जातात, मगच टाळ्या मागितल्या जातात.

मराठी वाहिन्यांकडे माझी मागणी साधी आहे. सगळं पर्व नको, एक लावणी विशेष भाग करा. ढोलकी, हलगी, तुणतुणं, पेटी मंचावर आणा, स्पर्धकाला त्यांच्याबरोबर किमान दोन दिवस तालमीला बसू द्या, कॅमेरा ढोलकीवाल्याच्या बोटांवर न्या आणि निवेदकाला त्याचं नाव घ्यायला सांगा. खर्च वाढेल, चूक व्हायची भीतीही वाढेल. पण परीक्षक ज्याला गुण देतात तो नाच त्या दिवशी खऱ्या अर्थाने घडलेला असेल, आणि त्यात ज्यांचा घाम गळला त्या सगळ्यांना त्याचं श्रेय मिळेल.