कोरे वीस महिने

जानेवारी उजाडला की लिहिणारा, चित्र काढणारा, नाटक बसवणारा माणूस एकदा तरी स्वतःला बजावतो, यंदा हे काम हातावेगळं करायचंच. नवी वही येते, पहिल्या पानावर तारीख पडते. असे संकल्प अनेकदा फेब्रुवारीही पाहत नाहीत, आणि मग दोष आळसाला दिला जातो. मला हे निदान अपुरं वाटतं. म्हणून या वर्षाच्या तोंडावर आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातल्या अडीच वर्षांकडे वळून पाहावंसं वाटलं. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात त्या भिंतींआड इतकं लेखन झालं की त्याचं एक छोटं कपाट भरेल. पण ते ज्या क्रमाने झालं, तो क्रम लिहिणाऱ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे.

८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे धरपकड झाली. एका खास गाडीतून गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसकडे नेलं, काँग्रेस कार्यकारिणीला नगरला आणलं. मौलाना आझाद, नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंदवल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब असे बारा जण. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने बाहेर सांगितलं नव्हतं. सुरुवातीला वर्तमानपत्रही मिळत नव्हतं. निजामशाहीने बांधलेला, चांदबिबीने लढवलेला, १८०३ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला हा किल्ला आता बारा माणसांचं जग झाला होता.

वरवर पाहता लेखकाला हवं ते सगळं इथे होतं. सभा नाहीत, दौरे नाहीत, दिवसच्या दिवस मोकळे. तरीही नेहरूंचं पुस्तक काही सुरू होईना. रोजनिशी चालू होती, वाचन दांडगं होतं. पण १९४३ चं नवं वर्ष आलं, गेलं. १९४४ चंही आलं, गेलं. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या पहिल्या प्रकरणावर तारीख आहे १३ एप्रिल १९४४. म्हणजे किल्ल्यात पाऊल ठेवल्यावर वीस महिने उलटून गेले होते.

त्या महिन्यांत त्यांच्या हातात कुदळ होती. बराकीसमोरच्या अंगणात फुलांचे वाफे करायचं त्यांनी मनावर घेतलं आणि भर उन्हातही ते तासन्तास खणत असत. जमीन कसली, दगडगोटे आणि जुन्या इमारतींचा राडारोडा. आमच्याकडची माती ज्याने खणली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत. दगडात कोरलेलं कमळही त्यांच्या नजरेत भरलं आणि त्याची नोंद त्यांनी पुस्तकात केली. वर्तमानाखाली किती थर दबलेले असतात हे त्यांना हाताने कळत होतं. पुढे त्यांनीच लिहिलं की कुदळीऐवजी आता लेखणी घेऊन भूतकाळात खणायचं आहे. पुस्तकाचा आराखडा त्या वाफ्यांतच तयार झाला असं मी म्हणणार नाही. पण मनाची जमीन या काळात भुसभुशीत होत गेली, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट, त्यांची सुरुवात अगदी कोरी नव्हती. त्याआधीच्या कारावासात, देहरादूनला, त्यांनी आत्मचरित्राचा पुढचा भाग लिहायला घेतला होता आणि तो पुरा झाला नव्हता. ते अडलेलं काम मनात होतंच. नगरमध्ये त्याची दिशा बदलली. स्वतःच्या आयुष्याची गोष्ट पुढे नेण्याऐवजी देशाच्या आयुष्याचा शोध सुरू झाला. आणि मग पाच महिन्यांत हाताने लिहिलेली सुमारे हजार पानं झाली. वीस महिने थांबलेलं काम एप्रिल ते सप्टेंबर एवढ्यात पुरं झालं. १९४६ मध्ये कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने ते छापलं.

मौलाना आझादांची रीत याच्या अगदी उलट. त्यांनी दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्टला लेखणी उचलली. आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावाने ते पत्रं लिहीत. ती पाठवता येणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. तरी लिहीत राहिले. पहाटे, सगळी बराक झोपेत असताना, ते उठून स्वतःच्या हाताने चहा करत. चिनी, जाईच्या वासाचा, बिनदुधाचा. दूध घातलेल्या चहाला ते चहाच मानत नसत. फिंजानातून घोट घेत लिहिणं व्हायचं. खोलीत घरटं करू पाहणाऱ्या चिमण्यांशी आधी झालेलं भांडण आणि मग जमलेली मैत्री, यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्यांना भेटू देण्याची विनंती सरकारकडे करायची नाही, असं आझादांनी ठरवलं होतं. दोनच दिवसांनी त्यांनी त्या दुःखाचंही पत्र लिहिलं. यानंतर एखाद्याची लेखणी कायमची मिटली असती तर कोणी बोल लावला नसता. पण सप्टेंबरात त्यांनी संगीतावर दीर्घ पत्र लिहिलं. त्यात तरुणपणी ताजमहालाच्या सान्निध्यात, चांदण्यात सतार वाजवल्याची आठवण आहे. माझ्या मते त्या अडीच वर्षांतली सर्वांत अवघड नवी सुरुवात हीच. तिला ना नवं वर्ष होतं, ना मुहूर्त. ‘गुबार-ए-खातिर’ हा पत्रसंग्रह १९४६ मध्ये निघाला आणि उर्दू गद्यात त्याने मानाचं स्थान मिळवलं.

बाकीच्यांचीही कामं चालू होती. नरेंद्र देव वसुबंधूचा ‘अभिधर्मकोश’ फ्रेंच भाषांतरावरून हिंदीत आणत होते. पट्टाभींची टिपणं पुढे ‘फेदर्स अँड स्टोन्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. महताब ओडिशाच्या इतिहासात गढले होते. आणि ही माणसं आपापल्या कोपऱ्यात एकटी नव्हती. आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नेहरूंनी अकरा सोबत्यांचं ऋण मानलं आहे. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचा तर नावानिशी उल्लेख आहे. फारसी, संस्कृत, पाली, इतिहास असं ज्याचं जे होतं ते त्याने मोकळ्या मनाने पुढे ठेवलं.

हे सगळं बाहेर बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मरत असताना, आणि युद्ध कधी संपेल, आपण कधी सुटू याचा पत्ता नसताना घडलं. तुरुंगवास चांगला, असं मला मुळीच म्हणायचं नाही. सांगायचं आहे ते वेगळंच. नेहरूंचे वीस महिने वाया गेले नव्हते आणि आझादांची न पाठवलेली पत्रंही. एकाला आधी जमीन तयार करावी लागली, दुसऱ्याला रोजच्या पहाटेने तारून नेलं. दोघांनाही नव्या कोऱ्या कल्पनेपेक्षा आत साठलेलं जुनंच उपयोगी पडलं.

नव्या वर्षात काही घडवू पाहणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच मी एवढं सुचवीन. नवी वही घेण्याआधी जुनं बाड उघडा. अडलेलं एखादं प्रकरण, अर्धवट चित्र, दुसऱ्या अंकावर थांबलेलं नाटक आज तुम्हाला काही वेगळं सांगतं का, ते पाहा. दिवसातली एक वेळ त्याला द्या आणि ज्याच्याशी मनापासून वाद घालता येईल असा एक सोबती गाठा. संकल्प जानेवारीत धरला नाही तरी चालेल. ज्या पुस्तकाने या शहराचं नाव जगभर नेलं, ते सुरू झालं तेव्हा एप्रिलचं ऊन तापलेलं होतं.