कोहिनूरचा पडदा आणि वाशीमची मतपेटी

इतिहासात जर-तरला जागा नसते, असं शाळेत शिकवलं जातं. गावच्या पारावर मात्र निम्मा इतिहास जर-तरवरच चालतो. तसाच एक जर-तर मला वाशीमच्या बाबतीत बरीच वर्षं छळतो आहे : 1971 साली दादरच्या कोहिनूर थिएटरात ‘सोंगाड्या’ लागलाच नसता तर?

हकिकत जुनीच आहे. दादा कोंडक्यांनी स्वतः काढलेला हा पहिला सिनेमा. कोहिनूरने ठरलेल्या तारखा फिरवून देव आनंदच्या हिंदी सिनेमाला पडदा द्यायचं ठरवलं. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पुढे दादांच्या ओळीने नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. उपकार विसरणारा हा माणूस नव्हता. सेवादलाच्या कलापथकातून आलेले दादा शिवसेनेच्या व्यासपीठावर उभे राहू लागले.

या सगळ्याचा वाशीमशी संबंध काय? सुरुवातीला काहीच नाही. त्या काळी वाशीम अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि राजकारणावर काँग्रेसची मांड पक्की होती. 1977 च्या पडझडीतही इथून वसंतराव नाईक लोकसभेवर गेले. 1980 आणि 1984 ला तर वाशीमकरांनी थेट जम्मूकडच्या गुलाम नबी आझादांना निवडून दिलं. मराठी माणसाच्या नावाने दादरमध्ये रान पेटलेलं असताना वऱ्हाडात ही तऱ्हा! तेव्हा कोहिनूरमधल्या अस्मितेची लाट वाशीमला येऊन थडकली, असं कोणी म्हणू लागलं तर ऐकू नका.

मग आलं काय? माझ्या मते, भाषेचा सूर आला. शिवसेना जन्माने मुंबईची. तिचे प्रश्न नोकरीचे, फलकांचे, गिरणगावचे. कापूस-तुरीच्या शेतकऱ्याला त्यात काय गोडी? दादाही नायगावच्या चाळीतलेच, गिरणी कामगाराच्या घरातले. पण पडद्यावरचा त्यांचा लोंबत्या नाडीचा भोळसट गडी गावाला आपला वाटला. त्याची बोली वऱ्हाडी नव्हती, तरी तो पाटलाच्या वाड्यासमोर दबून उभा राहायचा आणि दबता दबता वाड्याची टोपी उडवायचा. तंबूतल्या टॉकीजमध्ये जमिनीवर बसून पाहणाऱ्याला एवढी ओळख पुरे. पुढे हाच माणूस गावोगावच्या सभांतून सत्ताधाऱ्यांची रेवडी उडवू लागला, तेव्हा लोक आधी हसायला जमले. मताचा विचार नंतर.

ऐंशीच्या दशकात सेना मुंबईबाहेर पडली. 1988 ला औरंगाबाद महापालिकेत तिने मुसंडी मारली, 1995 ला युतीचं सरकार आलं आणि 1996 ला पुंडलिकराव गवळी वाशीमचे सेनेचे खासदार झाले. 1998 ला सुधाकरराव नाईकांनी जागा काँग्रेसकडे परत नेली. त्याच वर्षी मार्चमध्ये दादा गेले आणि 1 जुलैला वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हा मुख्यमंत्री मनोहर जोशी होते. त्यांच्या प्रसिद्ध क्लासचं नावही कोहिनूरच. थिएटरशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण योगायोग म्हणून टिपून ठेवण्यासारखा आहे.

आता जर-तर. कोहिनूरने दार लावूनच घेतलं असतं तर ‘सोंगाड्या’ बुडाला असता, हे मला पटत नाही. तो जत्रांनी तारलाच असता. दादा मात्र सेनेचे झाले नसते. त्यांच्या पूर्वायुष्याकडे पाहता कदाचित समाजवाद्यांच्याच मांडवात राहिले असते. आणि वाशीम? राममंदिराचं वारं, काँग्रेसमधली भांडणं, घरच्याच माणसांचा कंटाळा ही कारणं इतकी दणकट होती की नाईकांचा गड कधी ना कधी ढासळलाच असता. पण तो सेनेच्याच हाती पडला असता का, याबद्दल मला शंका आहे. गावाला हसवणारा माणूस गाठीला नसता, तर मुंबईच्या पक्षाला वऱ्हाडात बूड टेकायला आणखी काही निवडणुका लागल्या असत्या.

प्रत्यक्षात 1999 पासून भावना गवळी ओळीने पाच वेळा लोकसभेवर गेल्या. पहिल्या दोनदा वाशीममधून, नंतर यवतमाळ-वाशीममधून. 2024 ला तिथे संजय देशमुख निवडून आले. त्या लढतीतले दोन्ही मुख्य उमेदवार सेनेचेच होते, एक ठाकऱ्यांच्या आणि एक शिंद्यांच्या.