पव्वा मोजताना

"पिता का?" असं समुपदेशक बाई कधीच विचारत नाहीत. "शेवटची कधी घेतली?" असं विचारतात. समोरचा सालदार आधी छताकडे, मग बायकोकडे बघतो. "काल सांजच्याले." पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: घेतच नाही. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात सत्तरीच्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे इथे पिणं कबूल करणं म्हणजे गुन्हाच कबूल करणं.

"माहं नाव ठाण्यात तं नाही जात नं?"

"ही चोपडी दवाखान्याची आहे, भाऊ."

मग मोजणी. टेबलावर स्टीलचा गिलास आणि पाण्याची बाटली. "रोज घेता तेवढं ओता." तो ओततो, थांबतो, थोडं आणखी ओततो. बाई ते मापात घेतात: 180 मिली, म्हणजे पव्वा. देशी दारूत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल, तेव्हा एका पव्व्यात जवळपास 60 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 10 ग्रॅमचं एक माप धरते. "एकच पव्वा" म्हणणारा सहा मापं घेत असतो. मोहाच्या हातभट्टीला हे गणितही चालत नाही. तिला लेबल नसतं. आज पाणचट, उद्या जाळ. तिथे बाई माप सोडून हाताकडे बघतात. सकाळी थरथरतो का? घोट घेतल्यावर थांबतो का?

तो मान डोलावतो. बायको मधेच बोलते, "श्रावण पाळा म्हटलं, मी शपथच घातली."

बाईंचा पेन थांबतो. मलाही वाटलं होतं, श्रावण म्हणजे चांगलंच की! पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर दिवसाच्या आत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम. भिंतीवर किडे दिसतात, घरचे 'बाहेरचं झालं' म्हणून मांत्रिक शोधतात. यात जीवही जातो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्यांचं प्रमाण उतरवत सोडवावी लागते. नातेवाइकांची मागणी मात्र एकच: सलाईन लावा. ग्लुकोज आधी गेलं आणि थायमिन मागे राहिलं, तर मेंदूला इजा होऊ शकते, हे किती जणांना ठाऊक?

या सालदाराला बाई भरती व्हायला सांगतात. पुढचा तरुण शनिवारीच घेणारा; हात स्थिर. त्याच्याशी बोलणं वेगळं: आधी जेवा, मधे पाणी प्या, किती झाली ते लिहा, गाडीला हात लावू नका, आणि कोरडे शनिवार वाढवा. "म्हंजे थोडी चालते?" तो हसतो. बाई हसत नाहीत. थोडीही निर्धोक नसते, कमी प्यायली तर धोका कमी, एवढंच सांगतात. चिठ्ठीच्या मागे व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन लिहून देतात, 14446.

सालदाराची बायको दारातून परत येते. "पोळ्याच्या करीले घरी असन का हे?"

श्रावण पाळलेल्यांचा बांध करीच्या दिवशी फुटतो, हे बाईंना माहीत आहे. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजू लागतात.