चेहरा मोजताना

समोरून येणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे आपण क्षणात ओळखतो. केस आणि कपडे झाकले तरी सहसा चूक होत नाही. मग हा फरक मिलिमीटरमध्ये पकडता येईल का?

त्यासाठी आधी खुणेचे बिंदू ठरवावे लागतात. नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये बोटाला जी खोलगट जागा लागते, तिथपासून हनुवटीच्या तळापर्यंतचे अंतर ही चेहऱ्याची लांबी. कानांच्या थोडे पुढे गालाच्या हाडांच्या कमानी असतात; त्यांच्यामधील सर्वांत जास्त अंतर ही रुंदी. शिंप्याची टेप इथे चालत नाही, कारण ती गालाच्या वळणावरून जाते आणि आपल्याला हवे असते सरळ अंतर. कॅलिपर नसेल तर फूटपट्टीवर पुठ्ठ्याचे दोन काटकोन सरकवून काम भागते. दात मिटलेले हवेत, नाहीतर लांबी उगाच वाढते. आणि तोच चेहरा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून पाहावा. दोन मापांत ४-५ मिमीची तफावत येत असेल, तर पुढचे सारे गणित व्यर्थ आहे.

नववीच्या वर्गात मात्र स्त्री-पुरुष तुलना करू नये. मुलींच्या चेहऱ्याची वाढ लवकर पुरी होत येते. मुलांचा खालचा जबडा अठरा-वीस वर्षांपर्यंत वाढत राहतो. तेव्हा आपण लिंगभेद मोजत नसून वाढीचे टप्पे मोजत असतो. उतारवयात दात पडले की लांबी घटते. म्हणून अशा अभ्यासांत १८ ते २५ वयाचे तरुण-तरुणी सोयीचे पडतात.

सर्व वयांच्या प्रौढांची एक मोठी मोजणी अमेरिकेत २००३ साली झाली. धूळ व विषारी वायूंपासून बचावासाठी मुखवटे वापरणाऱ्या ३,९९७ कामगारांचे चेहरे तिथल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने (नायॉश) मोजवून घेतले. सरासरी लांबी पुरुषांत १२२.७ मिमी, स्त्रियांत ११३.४. रुंदी अनुक्रमे १४३.५ आणि १३५.१. फरक स्पष्ट आहे. पण लांबीला रुंदीने भागून शंभराने गुणा: ८५.५ आणि ८३.९! म्हणजे पुरुषाचा चेहरा मुख्यतः मोठा असतो. लांबट असतो तो किंचितच. आपला डोळा ज्यांवरून ओळखतो ते भुवयांवरील हाडाचा उंचवटा, जबड्याचा कोन, भुवई व डोळा यांतील अंतर या दोन मापांत येतच नाही.

सरासरीवर थांबलो तर निम्मीच गोष्ट कळेल. लांबीचे प्रमाण विचलन पुरुषांत सुमारे ७ आणि स्त्रियांत सुमारे ६ मिमी आहे. चिठ्ठी टाकून एक पुरुष व एक स्त्री निवडली, तर त्यांच्यातील फरकाचे प्रमाण विचलन ४९ अधिक ३६ याचे वर्गमूळ, म्हणजे ९.२ येते, सरासरी फरकही ९.३च आहे. वितरण घंटाकृती मानले तर साधारण सहांतल्या एका जोडीत स्त्रीचाच चेहरा अधिक लांब निघेल. त्यामुळे 'बायकांचा मुखवटा लहान' असे धरून चालणाऱ्या गोदामपालाकडून काही स्त्रियांना घट्ट आणि काही पुरुषांना सैल मुखवटा मिळणार. सैल मुखवट्याच्या कडेने धूळ आत शिरते, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही.

आधीचे तक्ते १९६७-६८ साली अमेरिकी हवाई दलातील व्यक्तींच्या मापांवरून केलेले होते. कारखान्यातला कामगार त्या साच्यात बसेलच असे नव्हते. नायॉशच्या नव्या तक्त्यात लांबी ९८.५ ते १३८.५ मिमी आणि रुंदी १२०.५ ते १५८.५ मिमी घेऊन दहा चौकटी पाडल्या आहेत. स्त्री-पुरुषांसाठी तक्ता एकच आहे; कोण कोणत्या चौकटीत बसते ते कॅलिपरच ठरवतो.