डिस्प्ले लागलाय, मग सप्लाय आहेच की!

भोसरीत कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी पहिल्या पाळीला मेन चालू करावा आणि मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या एखाद्या जुन्या ड्राइव्हचा डिस्प्ले काळाच राहावा, हे मेंटेनन्सवाल्यांना नवं नाही. 'परवा रात्रीपर्यंत मस्त चालत होता, सुट्टीत वरून जास्त व्होल्टेज आलं असणार,' असा निवाडा चहा येण्याआधीच होऊन जातो. कधी ते खरंही असतं. पण ड्राइव्हच्या पोटात कंट्रोल कार्डासाठी वेगळा छोटा पुरवठा असतो, एसएमपीएस. त्यातले लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत आलेले असतात. गरम असेपर्यंत ते कसंबसं निभावतात. एकदा थंड झाले की एसएमपीएस उठतच नाही. दुखणं जुनंच, सुट्टीत फक्त उघड झालं.

तरी कार्ड उपटण्याआधी एक सोपी गोष्ट करावी. सप्लाय बंद करून, थांबून, कूलिंग फॅन आणि सेन्सरकडे गेलेल्या २४ व्होल्टच्या वायरी काढून पाहाव्यात. शॉर्ट झालेला फॅन किंवा कुठेतरी सोललेली वायर अख्खा एसएमपीएस खाली ओढते. डिस्प्ले परत आला, तर ती कार्डाची चूक नाही.

आता उलट बाजू. डिस्प्ले लागला म्हणजे तिन्ही फेज आले, हा समज तर सार्वत्रिक. एसएमपीएस बहुधा डीसी बसवर, म्हणजे सप्लायचा डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवणाऱ्या भागावर, चालतो आणि बस भरायला दोन फेज पुरतात. एक फेज गेला तरी हलक्या लोडवर मोटर निवांत फिरते. तीन फेजला बसवरची लहर सेकंदाला ३०० वेळा येते. एक फेज गेल्यावर ती १०० वेळा, पण बरीच खोल. त्यात कपॅसिटर तापतात आणि उरलेल्या डायोडवर भार येतो. बरेच ड्राइव्ह ही लहर मोजूनच फेज गेल्याचं ओळखतात, म्हणून तक्रार लोड आल्यावरच येते. टेस्टरवर विसंबू नये. दुसऱ्या मोटरीतून किंवा ट्रान्सफॉर्मरमधून उलटा आलेला व्होल्टेज मेलेल्या फेजवरही टेस्टर लावतो. ड्राइव्हच्या इनपुट टर्मिनलवर, लोड चालू असताना, फेज ते फेज तीन वाचनं घ्यावीत.

सगळ्यात बदनाम शब्द 'अंडरव्होल्टेज'. तो दिसला की बोट थेट वीज कंपनीकडे. खरं तर ड्राइव्ह एवढंच सांगतोय की माझ्या डीसी बसवर व्होल्टेज कमी पडला. का पडला, हे त्याला ठाऊक नाही. ४१५ व्होल्टला बसवर रिकामेपणी साधारण ५८७ आणि लोडवर ५६० च्या आसपास दिसायला हवेत. कीपॅडवर हे वाचन मिळतं, पॅनेल उघडावंही लागत नाही. माझ्या मते खरा प्रश्न 'कोणता फॉल्ट' हा नसून 'केव्हा आला' हा आहे. रिकामेपणी आकडा बरोबर आणि लोड घेताच धपकन खाली, इनपुट मात्र शाबूत? मग प्रीचार्ज सर्किट पाहा. कपॅसिटर हळूहळू भरावेत म्हणून सुरुवातीला करंट एका रेझिस्टरमधून जातो आणि मग रिले त्याला बायपास करतो. रिलेचा संपर्क जळाला की सगळा लोड त्याच रेझिस्टरवर. स्टार्टरच्या जुन्या सवयीने मेन कॉन्टॅक्टरनेच ड्राइव्ह चालू-बंद करणारे लोक हा रेझिस्टर लवकर संपवतात.

ट्रिप दिवसातून दोन-तीनदाच येत असेल, तर शेजारचा कॉम्प्रेसर केव्हा सुरू होतो ते पाहावं. थेट सुरू होणारी मोटर सहा-सात पट करंट ओढते. तेवढ्यात आलेला क्षणाचा खड्डा पॅनेलच्या मीटरवर दिसत नाही, ड्राइव्हला दिसतो. (आणि रोज संध्याकाळी मेन बंद करताना नोंदला जाणारा अंडरव्होल्टेज हा काही ड्राइव्हमध्ये निव्वळ निरोप असतो. त्याच्यामागे लागून वेळ घालवू नये.)

ओव्हरव्होल्टेजचंही तसंच. मशीन थांबवतानाच येत असेल, तर सप्लाय निर्दोष आहे. जड फिरता भार मोटरीला जनरेटर करतो आणि ऊर्जा बसवर परत येते. थांबण्याची वेळ वाढवावी किंवा ब्रेक रेझिस्टर तपासावा. एकसारख्या वेगात येत असेल, तर मात्र बाहेर पाहावं. पॉवर फॅक्टर पॅनेलचे कपॅसिटर जोडले जाताना उसळी येते. त्यावर इनपुट चोक बराच उपयोगी पडतो. सर्वो स्टॅबिलायझर मात्र नाही. त्याचा ब्रश सरकेपर्यंत उसळी येऊन गेलेली असते.

फ्यूज उडाला की नवा टाकून 'बघू' म्हणणं महागात पडतं. आधी सप्लाय बंद करून लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबावं, १००० व्होल्टच्या मीटरने बस उतरल्याची खात्री करावी, चार्जचा दिवा विझला एवढ्यावर जाऊ नये. मग इनपुटच्या केबल सोडवून डायोड तपासावेत. निरोगी डायोड एका दिशेने ०.३ ते ०.५ व्होल्टच्या आसपास दाखवतो, उलट दिशेने नाही. दोन्हीकडून शून्य आलं, तर दुसरा फ्यूजही उडणारच. मोटरला मेगर लावायचा असेल, तर केबल ड्राइव्हपासून पूर्ण सोडवूनच लावावा. ड्राइव्ह जोडलेला ठेवून मारलेला मेगर आतले आयजीबीटी खाऊ शकतो.