मिझुकी, नाना

(२१ जानेवारी १९८० –      ). जपानी आवाज-अभिनेत्री व सुगम गायिका. मूळ आडनाव कोन्दो. पडद्यामागे राहून केवळ आवाजाने भूमिका वठविणाऱ्या कलावंतांना जपानमध्ये ‘सेइयू’ म्हणतात. या व्यवसायातील व्यक्तीला स्वतःच्या नावाने आघाडीच्या गायकांच्या पंक्तीत स्थान मिळू शकते, हे तिच्या कारकीर्दीने सिद्ध केले.

तिचा जन्म शिकोकू बेटावरील एहिमे प्रांतात, नीइहामा या औद्योगिक शहरी झाला. बेश्शी येथील जुन्या तांब्याच्या खाणीमुळे हे शहर वाढले. वडील कृत्रिम दात बनविणारे तंत्रज्ञ होते. त्यांना गायनाची आवड होती व आपल्या कामाच्या जागेतच ते गाणे शिकवीत. मुलीने एन्का-गायिका व्हावे, अशी त्यांची इच्छा असल्याने तिचे शिक्षण वयाच्या पाचव्या वर्षापासून सुरू झाले. एन्का हा विरह, ताटातूट, गावाची ओढ असे विषय मांडणारा जपानी भावगीतांचा प्रकार होय. त्यात स्वराला दिलेला बारीक हेलकावा (कोबुशी), दीर्घ दमसास व लांबविलेल्या स्वरावरील कंप यांना विशेष महत्त्व असते. पुढे मिझुकीने एन्का सोडून जलद लयीची आधुनिक गीते गायिली. तथापि तिच्या गायनातील जोरकस कंप व दमसास यांचे मूळ या बालपणीच्या तालमीत आढळते.

माध्यमिक शिक्षण संपताच ती टोकिओस आली आणि कलाक्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या होरिकोशी विद्यालयात दाखल झाली. एन्का-गायिका म्हणून पदार्पणाची संधी मात्र मिळाली नाही. दरम्यान तिने आवाज-अभिनयाचे शिक्षण घेतले. १९९८ मध्ये ‘नोएल : ला नेज’ या संगणकीय खेळातील एका विद्यार्थिनीच्या भूमिकेला आवाज देऊन तिने या व्यवसायात प्रवेश केला.

तिच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी या व्यवसायाचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. जपानमध्ये १९२५ साली नभोवाणी सुरू झाल्यावर श्रुतिकांसाठी स्वतंत्र कलावंतवर्ग निर्माण झाला. दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात परदेशी मालिकांना जपानी आवाज देण्याचे काम वाढले. १९६३ मध्ये तेझुका ओसामू याची ‘तेत्सुवान आतोमू’ ही मालिका सुरू झाली व तेव्हापासून ‘ॲनिमे’ (रेखाचित्रांच्या सजीवीकरणातून साकारलेल्या मालिका व चित्रपट) हे या कलावंतांचे प्रमुख क्षेत्र बनले. ध्वनिमुद्रणकक्षात अनेक कलावंत हाती संहिता घेऊन पडद्यासमोर उभे राहतात व आपल्या पात्राच्या ओठांच्या हालचालींशी जुळेल अशा बेताने संवाद बोलतात. पान उलटल्याचा आवाजही ध्वनिक्षेपकात येऊ नये, इतकी दक्षता त्यांना घ्यावी लागते. मानधन कलावंताच्या श्रेणीनुसार ठरते. सर्वांत खालच्या श्रेणीत अर्ध्या तासाच्या एका भागासाठी ते दीर्घकाळ सुमारे १५,००० येन एवढेच होते. त्यामुळे केवळ या कामावर चरितार्थ चालविणे नवोदितांना कठीण जाते.

आवाज-अभिनय व गायन यांची सांगड मिझुकीपूर्वीच घातली गेली होती. ‘माक्रोस’ (१९८२) या मालिकेत ईजिमा मारी हिने एका गायिकेच्या पात्राला आवाज दिला व तिची गीतेही लोकप्रिय झाली. १९९० नंतरच्या दशकात हायाशिबारा मेगुमी हिच्या ध्वनिमुद्रिकांना मोठा खप लाभला, तर १९९७ मध्ये शीना हेकिरू हिने टोकिओच्या निप्पोन बुदोकान सभागृहात कार्यक्रम केला. तरीही अशी गीते ही मालिकांची उपउत्पादने होत व त्यांचा श्रोता म्हणजे मालिकांचा चाहता, असा समज सर्वसाधारण संगीतव्यवसायात रूढ होता.

मिझुकीची ‘ओमोई’ ही पहिली ध्वनिमुद्रिका किंग रेकॉर्ड्‌स या संस्थेने डिसेंबर २००० मध्ये प्रकाशित केली. आरंभी खप बेताचाच होता. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘नारुतो’ या मालिकेतील लाजाळू ह्यूगा हिनाता आणि २००४ च्या ‘माहो शोजो लिरिकल नानोहा’ या मालिकेतील एकाकी फेट टेस्टारोसा या तिच्या भूमिका गाजल्या. दुसऱ्या मालिकेच्या पुढील पर्वासाठी तिने गायिलेले ‘इटर्नल ब्लेझ’ (२००५) हे शीर्षकगीत तिच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा ठरले. गीतरचना तिची स्वतःची, तर संगीत आगेमात्सू नोरियासू याचे होते. व्हायोलिनसमूहाची भव्यता व विद्युत् गिटारचा वेग यांचा मेळ घालणारी ही रचना ओरिकॉन या संस्थेच्या साप्ताहिक खपक्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचली. त्याच वर्षीच्या जानेवारीत तिने बुदोकानमध्ये प्रथम कार्यक्रम केला होता.

नोव्हेंबर २००८ मध्ये तिच्या वडिलांचे निधन झाले. यानंतरच्या १४ महिन्यांतच तिला सर्वांत मोठे यश लाभले. जून २००९ मध्ये तिचा ‘अल्टिमेट डायमंड’ हा गीतसंग्रह व जानेवारी २०१० मध्ये ‘फँटम माइंड्‌स’ ही एकगीत-ध्वनिमुद्रिका ओरिकॉनच्या साप्ताहिक क्रमवारीत प्रथम स्थानी आली. एकट्या आवाज-अभिनेत्रीच्या नावे असे यश यापूर्वी कधीही नोंदले गेले नव्हते. ३१ डिसेंबर २००९ रोजी ‘शिन्‌आई’ हे गीत घेऊन ती एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या ‘कोहाकू उता गास्सेन’ या कार्यक्रमात सहभागी झाली. स्त्री-गायिकांचा तांबडा व पुरुष-गायकांचा पांढरा असे दोन संघ असलेला हा वर्षअखेरीचा कार्यक्रम १९५१ पासून चालू असून त्याचे निमंत्रण म्हणजे देशभरच्या मान्यतेची खूण मानली जाते. एन्का-गायकांच्या दृष्टीने तर हे व्यासपीठ सर्वोच्च होय. आवाज-अभिनेत्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायिकेला हा मान प्रथमच मिळाला. वडिलांनी योजिलेल्या मार्गाहून वेगळ्या मार्गाने ती तेथे पोहोचली. पण ते पाहण्यास ते हयात नव्हते. २०१४ पर्यंत ती सलग सहा वर्षे या कार्यक्रमात गायिली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आत्मचरित्राचे नावही ‘शिन्‌आई’ असेच आहे.

डिसेंबर २०११ मध्ये टोकिओ डोम या विशाल क्रीडागारात दोन दिवस कार्यक्रम करणारी ती पहिली आवाज-अभिनेत्री ठरली. २०१६ मध्ये तिने शालेय बेसबॉल स्पर्धांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोशिएन मैदानावर कार्यक्रम केला. २०१४ मध्ये जपानच्या शिक्षणमंत्र्यांच्या नावे देण्यात येणाऱ्या कलाप्रोत्साहन पुरस्कारांपैकी लोकरंजनकला विभागाचा नवोदित कलावंताचा पुरस्कार तिला लाभला. २०१७ मध्ये टोकिओच्या तेइकोकू गेकिजो या नाट्यगृहात अमेरिकन गायिका-संगीतकार कॅरोल किंग हिच्या जीवनावरील ‘ब्यूटिफुल’ या संगीतिकेत तिने नायिकेची भूमिका केली. हीच भूमिका गायिका हिराहारा आयाका आळीपाळीने करीत असे.

गायिका म्हणून कीर्ती मिळाल्यानंतरही तिने मूळ व्यवसाय सोडला नाही. ‘हार्टकॅच प्रीक्युअर’ (२०१०) या बालप्रिय मालिकेतील नायिका, ‘सेन्की झेश्शो सिम्फोगिअर’ (२०१२) मधील काझानारी त्सुबासा व ‘पर्सोना ५’ (२०१६) या संगणकीय खेळातील ताकामाकी ॲन या तिच्या नंतरच्या उल्लेखनीय भूमिका होत. ‘सिम्फोगिअर’मधील योद्ध्या गातगात लढतात, त्यामुळे संवादांच्या ध्वनिमुद्रणातच प्रसंगाच्या आवेशानुसार श्वास, किंकाळी व स्वर एकत्र सांभाळून गावे लागे. तिच्या दोन्ही विद्यांचा येथे एकाच वेळी कस लागला.

तिच्या यशानंतर तरुण आवाज-अभिनेत्रींना मोठ्या सभागृहांत गाण्याच्या संधी वाढल्या. त्याबरोबरच गायन, नृत्य व रूप यांचीही अपेक्षा त्यांच्याकडून अधिक प्रमाणात होऊ लागली व केवळ आवाजावर उभ्या असलेल्या या व्यवसायाची अनामिकता बरीच ओसरली. या बदलाचे श्रेय अथवा दोष एका व्यक्तीकडे जात नाही. मिझुकीपुरते मात्र असे म्हणता येईल, की तिला रंगमंचावर नेले ते तिच्या आवाजानेच.